व्यू कारे घरी बनवताय? या चुका टाळा

गोव्यात बाटल्या शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त पडतात, त्यामुळे घरी कॉकटेल करणारे बरेच झालेत, आणि व्यू कारेवर हात आजमावायला हवाच. हे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या मॉन्टेलिओन हॉटेलात वॉल्टर बर्जरॉनने 1930 च्या दशकात केलेलं ड्रिंक. राय व्हिस्की, कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), स्वीट व्हर्मुथ (मसाल्यांची गोड वाइन) प्रत्येकी 30 मिली, बेनेडिक्टिन एक छोटा चमचा, पेशो आणि अँगोस्टुरा या दोन बिटर्सचे (कडवट अर्कांचे) दोन-दोन डॅश, म्हणजे काही थेंबांचे शिंतोडे, आणि सगळं बर्फात ढवळायचं.

बिघडतं बहुतेक वेळा बेनेडिक्टिनमुळे. हे 27 वनस्पती-मसाल्यांचं लिकर, म्हणजे गोड दारू, वास मस्त येतो, म्हणून लोक 15-20 मिली ओततात, पण त्यात साखर भरपूर आणि व्हर्मुथ आधीच गोड, मग कफ सिरप पितोय असं वाटतं. तसं झालंच तर 15 मिली राय आणि एक डॅश अँगोस्टुरा वाढवा. लिंबू पिळू नका प्लीज, ड्रिंक गढूळ होतं आणि चव भलतीकडेच जाते.

लिकर बदलायचंय? खुशाल बदला, फक्त व्हर्मुथ तितकाच ठेवू नका. यलो शार्त्रूज (हेही वनस्पतींचं फ्रेंच लिकर) 15 मिली घातलंत तर व्हर्मुथपण 15, कोन्याक काढून राय 60 करा, हे ग्रीनपॉइंट नावाचं कॉकटेल झालं, मला तर हेच जास्त आवडतं. ग्रीन शार्त्रूज 55 टक्के अल्कोहोलचं आहे, ते फार कमी घ्या नाहीतर बाकी काही लागणारच नाही.

रायऐवजी घरात असेल ती व्हिस्की चालवू नका. अमेरिकन रायमध्ये किमान 51 टक्के राय धान्य असावं लागतं, तो तिखटपणाच हर्ब्सना पेलतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीचा स्पिरिट असतो, त्याने चव सपाट लागते. राय नाहीच मिळाली तर बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की घ्या.

व्हर्मुथ ही वाइनच आहे हो! उघडलेली बाटली आपल्या उकाड्यात कपाटात ठेवली की खराब होते, फ्रीजमध्येच ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा.

बर्फ ज्या फ्रीजरमध्ये बांगडे ठेवलेत तिथलाच असेल तर ड्रिंकला तोच वास, म्हणून बर्फाचा डबा झाकणाचा हवा. पाणी सुटलेला बर्फ घेतलात तर कमी ढवळा, कोरडा असेल तर साधारण 30 सेकंद. शेक करू नका.

काजू फेणी घालायचीय तर थेट मिसळू नका, थोडीशी रिकाम्या ग्लासात आतून फिरवून उरलेली ओतून टाका, तेवढा वास पुरतो.