ग्लुटेन नेमकं आलं कुठून? चोर कसा पकडायचा

सिलिॲक आहे (म्हणजे गहू वगैरे धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार), सगळं जपून खाता, तरी पोट बिघडलं की आपण लगेच शेवटच्या जेवणावर खापर फोडतो. ते बिचारं बऱ्याचदा निर्दोष असतं, कारण काहींना दोन-तीन तासांतच उलट्या होतात तर काहींना त्रास जाणवायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून आधी वही घ्या आणि मागच्या ३ दिवसांत तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा, म्हणजे अगदी औषधाची गोळी, लिपस्टिक आणि दुसऱ्याच्या ताटातला चाखलेला घाससुद्धा. आठवत नसेल तर बिलं आणि मोबाईलमधले फोटो बघा, आणि कचऱ्यातली रिकामी पाकिटं फेकू नका, बॅच नंबर त्यावरच असतो.

आता यादीत "रोजचं" शोधू नका, "नवीन" काय ते शोधा. नवीन ब्रँड, नवीन पॅक, बाहेर खाल्लेलं, घरी आलेले पाहुणे. जुनाच ब्रँड असला तरी लेबल परत वाचा, कंपन्या घटक गुपचूप बदलतात. आणि नुसतं "गहू नाही" वाचून खूश होऊ नका हां, बार्ली (जव) आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) पण ग्लुटेनवालेच, त्यामुळे बहुधा बार्लीपासून होणारे माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि माल्ट व्हिनेगर संशयित, आणि साधा सोया सॉस पण, त्यात गहू असतो. ओट्स पण साधे असतील तर बहुतेक वेळा गव्हाची भेसळ झालेलेच असतात.

नवीन काहीच नाही सापडलं तर मग स्वयंपाकघर, आणि माझ्या मते खरा चोर जास्त वेळा इथेच असतो. एकच टोस्टर, पास्ता गाळायची एकच चाळणी, लाकडी चमचे, भेगा पडलेला कटिंग बोर्ड, जॅमच्या बरणीत कुणीतरी ब्रेडचे कण लागलेली सुरी बुडवली, ब्रेडक्रम्ब लावलेलं तळलेल्या तेलातच तुमचे फ्राईज. उकळून किंवा गरम करून ग्लुटेन मरत नाही, तो काही जंतू नाही, आणि सॅनिटायझरचाही उपयोग शून्य. साबण-पाण्याने घासूनच काढावं लागतं. मुलांच्या खेळायच्या मऊ मातीसारख्या प्ले-डोमध्ये पण गव्हाचं पीठ असतं बरं का, ते कुणाच्या डोक्यातच येत नाही.

त्रास एकदाच झाला तर बहुधा बाहेरचं जेवण. दर आठवड्याला होतो? मग घरातलीच एखादी बरणी. संशयित वस्तू एकेक करून बंद करा, सगळ्या एकदम बंद केल्या तर बरं वाटेल पण चोर कळणारच नाही, आणि मुद्दाम परत खाऊन तर अजिबात बघू नका. २००७ च्या एका अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन ३ महिने दिलं तरी आतड्याला इजा दिसली होती. "ग्लुटेन फ्री" लेबलची मर्यादा बऱ्याच देशांत २० पीपीएम म्हणजे किलोला २० मिलिग्रॅम आहे, यावरून अंदाज घ्या.

टीटीजी रक्ततपासणी (सिलिॲकची अँटीबॉडी मोजणारी) एका चुकीसाठी कामाची नाही, ती नॉर्मल येऊ शकते. लघवीत किंवा शौचात ग्लुटेनचे अंश शोधणाऱ्या टेस्ट असतात, पण लघवीची साधारण एक-दोन दिवसांतच करावी लागते. आणि हो, घरातल्या बाकीच्यांना पण जुलाब होत असतील तर ते बहुधा ग्लुटेन नाही, व्हायरस किंवा पोटाचा दुसरा संसर्ग असेल.