बेसबॉलचा लाइनअप लावताना आणि संघ बांधताना या चुका टाळा

क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज जमला की दिवसभर खेळतो आणि शेपटावर बॅट हातात घ्यायची वेळही येत नाही. बेसबॉलमध्ये असं होत नाही. नऊच्या नऊ जणांचा नंबर ठरलेल्या क्रमाने लागतो. सर्वोत्तम फलंदाजाने होम रन मारला तरी पुढचे आठ जण प्लेटवर (फलंदाजीच्या जागी) येऊन गेल्याशिवाय तो परत येत नाही. एका सामन्यात त्याला चार, फार तर पाच संधी मिळतात. हातात आऊट असतात एकूण २७ (नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन). लाइनअपचं, म्हणजे फलंदाजीच्या क्रमाचं, सगळं गणित या दोन गोष्टींवर उभं आहे. तरीही नवीन मंडळी आपापला संघ लावतात तेव्हा त्याच त्या चुका करतात, कारण दहा मिनिटांचे हायलाइट्स बघून संघ लावायची घाई असते.

सर्वात वेगवान माणूस पहिल्या क्रमांकावर

ही चूक सर्वात जुनी आहे आणि अजूनही जात नाही. पळतो चांगला, बेस चोरतो (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळून जातो), मग लावा लीडऑफला. पण पहिल्या बेसवर पोचलाच नाही तर चोरणार काय?

सेंट लुई कार्डिनल्सच्या विन्स कोलमनचा १९८६ चा हंगाम बघा. त्याने १०७ बेस चोरले आणि फक्त १४ वेळा पकडला गेला. चोरीच्या बाबतीत यात खोट काढायला जागा नाही. पण त्याची ऑन-बेस टक्केवारी होती .३०१. म्हणजे शंभर वेळा प्लेटवर आला तर जवळपास सत्तर वेळा बेसवर न पोचताच परत गेला. १०७ चोऱ्या करूनही त्याच्या नावावर धावा लागल्या ९४. आता १९८८ चा बोस्टनचा वेड बॉग्स घ्या. वर्षभरात चोरलेले बेस दोन. ऑन-बेस .४७६, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) १२५ आणि धावा १२८. बॉग्सच्या मागे जास्त चांगले फलंदाज होते हे खरं आहे, पण त्यांच्या हिटवर घरी यायला तो आधी बेसवर होता, हेही तितकंच खरं.

रिकी हेंडरसनचं उदाहरण देऊन लोक वाद घालतात. त्याच्या १,४०६ चोऱ्या सगळ्यांना पाठ असतात, २,१९० वॉक आणि कारकिर्दीची .४०१ ऑन-बेस टक्केवारी कुणी सांगत नाही. तो चोर म्हणून मोठा झाला, कारण तो बेसवर सतत असायचा.

मी लाइनअप लावताना आधी नावं लिहीतच नाही. तेरा फलंदाजांची ऑन-बेस टक्केवारी एका रकान्यात उतरवतो: हिट, वॉक आणि अंगावर चेंडू लागून मिळालेले बेस यांची बेरीज, भागिले अ‍ॅट-बॅट, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन साथीदाराची धाव आणणारा उंच फटका) यांची बेरीज. त्यातल्या वरच्या तीन-चार जणांपैकी ज्याच्याकडे होम रनची ताकद त्यातल्या त्यात कमी आहे, तो लीडऑफ. वेग असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं.

यामागचं कारण हिशेबातच आहे. सामना कुठल्या तरी एका क्रमांकावर संपतो. १६२ सामने नऊ क्रमांकांत वाटले तर प्रत्येक क्रमांक खालच्यापेक्षा हंगामात साधारण १८ वेळा जास्त प्लेटवर येतो. पहिला आणि नववा यांत फरक पडतो १४४ संधींचा. .३०१ वाल्याला या १४४ संधी देणं म्हणजे आपल्याच हाताने आऊट वाटणं.

सर्वोत्तम फलंदाज तिसराच हवा, हा हट्ट

पहिल्या दोघांची ऑन-बेस .३५० धरली तर दोघेही बाद होण्याची शक्यता .६५ गुणिले .६५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. दहापैकी चार सामन्यांत तुमचा हुकमी माणूस पहिल्या इनिंगमध्ये दोन आऊट आणि रिकामे बेस असताना येणार. त्याला दुसऱ्या क्रमांकावर आणा. चौथ्यावर दुसरा मोठा फटकेबाज. अ‍ॅरन जज, माइक ट्राउट दुसऱ्या क्रमांकावर खेळलेले दिसतात ते याच हिशेबाने.

आरबीआय बघून फलंदाज निवडणं

आरबीआय (फलंदाजाच्या फटक्यावर घरी आलेल्या धावा) हा पुढच्या माणसांनी बेसवर उभं राहून दिलेला आकडा आहे. निवडताना तो रकाना झाकून ठेवा.

अमुक पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) बारापैकी पाच हिट

बारा अ‍ॅट-बॅटवरून काहीही सिद्ध होत नाही. डावखुरा-उजवा हा फरक बघा, तो खरा असतो: पिचर आणि फलंदाज एकाच हाताचे असले की फलंदाज सहसा कमी पडतो.

तीन डावखुरे एकापाठोपाठ

सातव्या इनिंगमध्ये समोरचा मॅनेजर डावखुरा रिलीव्हर (बदली पिचर) आणतो आणि तुमचे तिघेही त्याच्या तावडीत सापडतात. २०२० पासून रिलीव्हरला किमान तीन फलंदाजांना चेंडू टाकावे लागतात किंवा ती इनिंग संपवावी लागते. म्हणून डावखुरा, उजवा, डावखुरा अशी गुंफण करा, म्हणजे मधल्या उजव्या फलंदाजाला तोंड देणं त्याला भाग पडतं. होजे रामिरेझ किंवा फ्रान्सिस्को लिंडोरसारखा दोन्ही हातांनी खेळणारा असेल तर त्याला नेमकं या फटीत बसवा.

दोन तारे घेतले की संघ झाला

संघबांधणीतली ही सर्वात महागडी चूक आहे आणि लॉस एंजेलिस एंजल्सनी ती वर्षानुवर्षं केली. २०११ च्या डिसेंबरात अल्बर्ट पुहोल्सला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर. पुढच्या डिसेंबरात जॉश हॅमिल्टनला पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी. २०१९ च्या मार्चमध्ये माइक ट्राउटला बारा वर्षांसाठी ४२ कोटी ६५ लाख, आणि त्याच वर्षअखेर अँथनी रेंडॉनला सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी. मधल्या काळात, २०१८ मध्ये, शोहेई ओहतानीही आला. ट्राउटने २०१४, २०१६ आणि २०१९ मध्ये एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडूचा किताब) पटकावला, ओहतानीने २०२१ आणि २०२३ मध्ये. तरी ओहतानीच्या सहाही हंगामांत एंजल्सना निम्मे सामनेसुद्धा जिंकता आले नाहीत. ट्राउट पोस्टसीझन (हंगामानंतरची बाद फेरी) खेळला तो फक्त २०१४ मध्ये, आणि कॅन्सस सिटीने त्यांना तीन सरळ सामन्यांत बाहेर काढलं.

असं का होतं, ते कागदावर मांडा. सहज मिळणाऱ्या, मायनर लीगमधून बोलावता येणाऱ्या खेळाडूंचाच संघ केला तर तो १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असं धरलं जातं. त्यावर ट्राउट त्याच्या सर्वोत्तम वर्षात दहाएक विजयांची भर घालतो. ओहतानीचेही दहा धरा. झाले ६८. पोस्टसीझनसाठी ८८-९० लागतात. उरलेले वीस-बावीस विजय बाकीच्या २४ जणांनी आणायचे असतात, आणि सगळा पैसा वर गेल्यावर तिथे भरती होते ती वय झालेल्या पिचर्सची आणि .२९० ऑन-बेसच्या दुसऱ्या बेसमनची. शिवाय महागडा माणूस जखमी झाला की त्याचा पगारही जातो आणि जागाही. रेंडॉन त्या करारात एकाही हंगामात ६० सामने खेळू शकला नाही.

ओहतानी २०२४ मध्ये डॉजर्सकडे गेला आणि पहिल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. डॉजर्सकडे पैसा अफाट आहे, हे मान्य. पण त्या ऑक्टोबरात त्यांचे इतके पिचर जखमी होते की काही सामने पूर्णपणे बुलपेनवर, म्हणजे बदली पिचर्सच्या ताफ्यावर, काढावे लागले, आणि ते निघाले, कारण बुलपेन तेवढं खोल होतं. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या मालिकेचा एमव्हीपी ठरला टॉमी एडमन, जुलैत आणलेला, शॉर्टस्टॉपही (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळणारा आणि सेंटर फील्डही.

म्हणून संघ बांधताना मी वरून सुरुवात करत नाही. आधी सर्वात कमजोर तीन जागा शोधतो. .२९० वाल्याच्या जागी .३३० वाला आणणं स्वस्त पडतं, आणि त्याचाही नंबर ताऱ्याइतक्याच वेळा लागणार असतो. मग कॅचर, शॉर्टस्टॉप, दुसरा बेस आणि सेंटर फील्ड हा मधला कणा क्षेत्ररक्षणासाठी पक्का करायचा. शॉर्टस्टॉपला डाव्या फील्डमध्ये हलवता येतं, डाव्या फील्डरला शॉर्टस्टॉप करता येत नाही. पिचर्स मोजताना पाच स्टार्टर्सवर (सामना सुरू करणाऱ्या पिचर्सवर) थांबू नका. पाचही जण हंगामभर धडधाकट राहतील हे गृहीत धरणं चूक आहे, सात-आठ जण तरी स्टार्ट करू शकतील असे हाताशी हवेत.

ज्यांना २००२ च्या ओकलंडचा दाखला देऊन 'स्वस्तात संघ होतो' असं म्हणायचं असतं, त्यांनी पूर्ण संघ बघावा. स्कॉट हॅटेबर्गला कॅचरचा पहिला बेसमन केला, कारण तो बेसवर पोचायचा, ही निवड हुशारीची होतीच. पण त्या १०३ विजयांपैकी ५७ झिटो, मल्डर आणि हडसन या तीन पिचर्सच्या नावावर आहेत, आणि शॉर्टस्टॉप मिगेल तेहादा त्या वर्षीचा एमव्हीपी होता. हे चौघेही ओकलंडने स्वतः घडवलेले. त्याला वर्षं लागतात, आणि घाईच्या लोकांना नेमकं तेच नको असतं.

लाइनअप कार्ड दुसऱ्यांदा न वाचणं

१७ मे २००९. टँपा बे रेजच्या जो मॅडनने दिलेल्या कार्डावर इव्हान लोंगोरियाही तिसरा बेसमन आणि बेन झोब्रिस्टही तिसरा बेसमन. खरं तर लोंगोरिया त्या दिवशी डीएच, म्हणजे पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा, असायचा होता. समोरच्या क्लीव्हलंडने हरकत घेतली. कार्डावर डीएच नाहीच म्हटल्यावर रेजना त्या सामन्यापुरता डीएच गमवावा लागला आणि लोंगोरियाचा तिसरा क्रमांक गेला पिचर अँडी सोननस्टाइनकडे. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून डीएच आहे, त्यामुळे तिथल्या पिचरला बॅट हातात धरायची सवय नसते. सोननस्टाइनने धाव आणणारा डबल (दोन बेसचा फटका) मारला आणि रेजनी ७-५ असा सामनाही जिंकला. पण निकाल चांगला लागला म्हणून चूक लहान होत नाही. संघातला अव्वल फलंदाज एका आकड्यापायी क्रमातून गेला.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. नावापुढे जागेचा आकडा लिहा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, डावं फील्ड ७, सेंटर ८, उजवं ९, आणि डीएच. मग नावं न वाचता फक्त आकडे मोजा. प्रत्येक आकडा एकदाच यायला हवा. त्या कार्डावर ५ दोनदा होता.

क्रम चुकवून फलंदाज प्लेटवर गेला तरी तसाच भुर्दंड बसतो. त्याची खेळी संपल्यावर आणि पुढचा चेंडू पडण्याआधी समोरच्याने दाद मागितली, तर ज्याचा नंबर होता तो आऊट आणि मारलेला हिट रद्द. खेळी चालू असतानाच लक्षात आलं तर योग्य फलंदाज चालू काउंटवर (तोवर झालेल्या बॉल-स्ट्राइकसह) येतो आणि काही बिघडत नाही. म्हणून स्कोअरबुकवर एकाची नजर कायम हवी.

दोन्ही कॅचर एकाच वेळी

बदली कॅचर चांगला फलंदाज आहे म्हणून त्याला डीएच करायचा मोह होतो. पहिला कॅचर जखमी झाला की डीएचला मागे बसावं लागतं, डीएच जातो आणि पिचर बॅटिंगला येतो. बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही. तिसरा कॅचर बेंचवर असेल तरच हे करा.

पहिल्या इनिंगमध्ये बंट

पहिल्या बेसवर माणूस आणि शून्य आऊट, या स्थितीतून इनिंगमध्ये सरासरी ०.८५ ते ०.९ धावा येतात. बंटवर (बॅट न फिरवता जवळच ढकललेल्या चेंडूवर) तो दुसऱ्यावर गेला आणि फलंदाज आऊट झाला की त्या उरतात ०.६५ ते ०.७. बंट यशस्वी होऊनही तोटाच. एकच धाव पुरेशी असेल, म्हणजे बरोबरीत नवव्या इनिंगचा खालचा भाग, दुसऱ्या बेसवर माणूस आणि शून्य आऊट, तेव्हा त्याला तिसऱ्यावर नेऊन ती धाव मिळण्याची शक्यता किंचित वाढते. तीही प्लेटवरचा माणूस कमजोर असेल आणि त्याला बंट नीट जमत असेल तरच.