कातळशिल्पं बघायला कोल्हापुरातनं जाताय? मग एवढं वाचून जा

टाऊन हॉल म्युझियममधली ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची (ग्रीक समुद्रदेवाची) मूर्ती बघून "लय जुनं आहे राव" म्हणतो आपण, पण ती सातवाहन काळातली, साधारण दोन हजार वर्षांची. घाट उतरून राजापूरच्या सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) गेलात की त्याच्या कितीतरी आधीची मानली जाणारी कातळशिल्पं, म्हणजे जमिनीलगतच्या जांभ्या दगडात कोरलेली चित्रं, पसरलेली आहेत.

रस्ता सोपाय. कळे-बाजारभोगाव करत अणुस्कुरा घाट उतरायचा की राजापूर, तिथनं बारसू आणि देवाचे गोठणे जवळ पडतात. उक्षी किंवा जांभरुण बघायचं तर मलकापूर, आंबा घाट करून रत्नागिरीच्या बाजूला. पावसाळ्यात जाऊ नका, गवतात काही दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, पाणी आणि टोपी घ्या कारण सड्यावर सावली औषधालाही नाही.

आता मेन गोष्ट, वेळ. भर दुपारी गेलात तर नुसता काळा दगड दिसणार आणि म्हणणार कुठाय चित्र! रेषा उथळ आहेत, तिरकं ऊन पडलं की खाचेत सावली येते आणि आकार उठून दिसतो, म्हणून सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर १५ मीटरपेक्षा मोठा, जवळ उभं राहून कळतच नाही, आधी लांबनं चक्कर मारा, सोंड कुठं पाय कुठं ते शोधा, मग त्याच्या पोटातले मासे-प्राणी एकेक करून बघा. चित्रावर चढायचं नाही, आणि फोटोसाठी खडू-पाणी तर अजिबात नको.

बघताना काय आहे याच्याइतकंच काय नाही तेपण शोधा. हत्ती, वाघ, शार्क, वागळी मासा (स्टिंग रे), गेंडासुद्धा आहे, पण नांगर नाही, शेती नाही. त्यावरनंच बरेच अभ्यासक म्हणतात की ही शिकार करून जगणाऱ्या माणसांची, शेती यायच्या आधीची कामं, काहीजण १०-१२ हजार वर्षं मागं नेतात. आता गेंडा कोकणात कुठला म्हणाल, तर गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन (बारीक दगडी हत्यारं वापरणाऱ्या शिकारी माणसांच्या काळातल्या) वस्तीत गेंड्याचं हाड सापडलंय, म्हणजे पश्चिम भारतात तो होता. नक्की साल मात्र अडतं, कारण कार्बन डेटिंगला हाड-कोळसा असं काहीतरी लागतं आणि उघड्या कातळावर ते टिकत नाही.

देवाचे गोठणेला होकायंत्र जरूर न्या, सुई भरकटते. लगेच एलियनवर जाऊ नका, जांभ्यात लोखंड भरपूर असतं (आमच्या ग्रुपात एकजण अजून ऐकत नाही, असो).

२०२२ ला यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलीत, त्यातलं एक गोव्यात. रत्नागिरीचे हौशी संशोधक सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांनी गावोगाव फिरून शोधलीत ही, त्यामुळं तुम्हीपण गावातच विचारा, सड्यावर मॅप फसवतो. सिंधुदुर्गातलं कुडोपी मात्र वेगळ्या दिवशी, गगनबावड्याकडनं उतरून.