कॅमेऱ्याआधी कापसाचा भाव

गावाकडची गरिबी, दुष्काळ, स्थलांतर यांवर फोटो काढायचे आहेत, कुठला कॅमेरा घेऊ, असं विचारणारी मुलं-मुली मला नेहमी भेटतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. असेल तो कॅमेरा ठेवा आणि काही आठवडे अमेरिकेतल्या महामंदीच्या काळातली ‘एफएसए’च्या फोटोंची फाइल वाचून काढा.

एफएसए म्हणजे फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. 1935 मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेलं आणि 1937 मध्ये हे नाव मिळालेलं सरकारी खातं. देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांना कर्ज देणं, पुनर्वसन करणं हे त्याचं काम, आणि त्यातच एक छोटा फोटो विभाग. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोल्कॉट, जॅक डेलानो ही सगळी तिथली फोटोग्राफर मंडळी. पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि बहुतेक सगळे फोटो ऑनलाइन फुकट पाहता येतात. इतकं मोठं विद्यापीठ घरबसल्या उघडं असताना महागड्या कार्यशाळेची घाई कशाला?

विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर स्वतः फोटोग्राफर नव्हता, अर्थशास्त्राचा माणूस होता. विभागाचा फोटोग्राफर कार्ल मायडन्स कापूस पट्ट्यात निघाला तेव्हा स्ट्रायकरने विचारलं, कापसाबद्दल तुला काय माहीत आहे? फारसं काही नाही, हे कळल्यावर त्याने प्रवास थांबवला आणि दिवसभर त्याला कापूस समजावत बसला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कारण 1929 ला पौंडाला 17 सेंटच्या आसपास असलेला कापूस दोन-तीन वर्षांत 6 सेंटवर आला. पुढे 1933 पासून लागवड कमी करायला सरकारने पैसे दिले, ते बहुतेक जमीनमालकाच्या हातात पडले, आणि वाट्याने कसणाऱ्या कुटुंबांना घर सोडावं लागलं. हे ठाऊक नसलेल्याला रस्त्याकडेला सामान टाकून बसलेलं कुटुंब दिसेल, पण ते तिथे का बसलंय हे दिसणार नाही. (स्ट्रायकरचं सगळंच मला पटत नाही. नापसंत निगेटिव्हना तो भोक पाडायचा. फाइलमध्ये चेहऱ्यावर काळा गोल असलेले फोटो दिसतात, तेव्हा जीव कळवळतो.)

आता एका फोटोवर थांबा. लँगने 1936 मध्ये मिसिसिपीत, क्लार्क्सडेलजवळ काढलेला. दुकानासमोर मोटार, तिच्या बंपरवर पाय टाकून उभा असलेला गोरा मळेवाला, मागे पायऱ्यांवर काळे मजूर. डावीकडे अगदी कडेला अर्धवट दिसणारा माणूस म्हणजे लँगचा नवरा, अर्थतज्ज्ञ पॉल टेलर. तो मजुरी, कर्ज, पीक यांबद्दल बोलत राहायचा, लँग फोटो काढायची आणि ऐकलेली वाक्यं टिपून ठेवायची. पायाची ठेवण, अंतर, कोण पुढे नि कोण मागे, यातच मळ्याची सगळी व्यवस्था आली आहे. 1938 च्या एका पुस्तकात हाच फोटो कापून फक्त मळेवाला छापला, आणि तो एकदम कष्टाळू, स्वाभिमानी शेतकरी झाला! तुमच्या फोटोला कुणीही अशी कात्री लावू शकतं, म्हणून फोटोखालची नोंद तुम्हीच पक्की लिहा.

लँगनेच काढलेला, ‘मायग्रंट मदर’ म्हणून गाजलेला निपोमोच्या त्या आईचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. मार्च 1936, कॅलिफोर्निया, थंडीने वाटाण्याचं पीक गेलेलं. फाइलमध्ये त्याच मालिकेतल्या दुरून घेतलेल्या फ्रेम आहेत, त्यांत तंबू आणि मोठी मुलगीही दिसते. प्रसिद्ध फ्रेममध्ये हे काही उरत नाही. लँगने तिचं नाव विचारलं नव्हतं. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर छावणीत वीस हजार पौंड अन्न पोहोचलं, तोवर हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव आणि ती चेरोकी होती ही गोष्ट जगाला 1978 मध्ये कळली. त्या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही, याबद्दल ती नाराज होती. लँगचा मला मनापासून आदर आहे, पण या बाबतीत थॉम्पसनबाईंचं म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

मी बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर काम करते, तिथे हे सगळं रोज उपयोगी पडतं. कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल (आगाऊ रक्कम) किती, टनाला भाव काय, खाडा (गैरहजेरी) झाला की किती कापतात, हे आधी विचारते. एका खोपीत ताईंनी मुकादमाच्या हिशेबाचा कागद दाखवला. उचल, किराणा, दवाखाना, खाडे, आणि तळाशी फिरलेली रक्कम, म्हणजे अख्खा हंगाम राबूनही अंगावर राहिलेलं देणं. तो कागद त्यांनी राखेने काळ्या झालेल्या बोटांनी धरला होता. नाव झाकून फक्त कागद आणि हात घेतले. नाव छापायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, कारण पुढच्या वर्षी उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची असते. प्रिंट मात्र प्रत्येकाला नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट पेटीत राहतो.

वस्तू हलवू नका, हेही सांगते. स्ट्रायकरच्याच विभागातल्या आर्थर रोथस्टीनने 1936 मध्ये साउथ डकोटात गाईची कवटी थोडी हलवून फोटो घेतले. निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधी वर्तमानपत्रांनी अख्खं मदतकार्यच खोटं ठरवायला घेतलं. दुष्काळ खराच होता, तरी चर्चा कवटीची झाली.

पैशाचं म्हणाल तर लग्नसराईची कामं सोडू नका. संस्थांची कामं आणि फेलोशिप मिळतात, पण उशिरा आणि तुटपुंज्या. सुरुवातीला एकच तालुका, एकच पीक धरा, आणि त्या पिकाचा भाव बाजार समितीत जाऊन स्वतः विचारून या.