पीटर सिंक्सला जायचंय? आधी रात्र निवडा, कपड्यांचं नंतर बघू

अमेरिकेत युटा राज्याच्या उत्तर टोकाला, लोगन गाव आणि बेअर लेकच्या मधल्या डोंगरात साधारण 2500 मीटर उंचीवर पीटर सिंक्स नावाचा एक खळगा आहे, जेमतेम एक किलोमीटर रुंद. 1 फेब्रुवारी 1985 ला तिथं उणे 69.3 फॅरनहाइट म्हणजे उणे 56.3 सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अलास्का सोडला तर अमेरिकेत याहून खाली फक्त मोंटानातला रॉजर्स पास गेलाय, 1954 मध्ये उणे 70 फॅरनहाइट. आणि हे काही जुनं पुराण नाही, जानेवारी 2023 मध्येसुद्धा तिथं उणे 62 फॅरनहाइट लागलं होतं. युटात शिकायला, नोकरीला आलेली बरीच मराठी पोरं हा आकडा वाचून "चला रे एकदा" करतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं प्लॅनिंग त्यावर आहे. इथली थंडी उंचीमुळे पडते असं वाटतं पण तसं नाही, ती पडते आकारामुळे. हा चुनखडीच्या दगडातला सिंकहोल, म्हणजे जमीन खचून झालेला खळगा आहे, चारी बाजूंनी बंद, एखाद्या परातीसारखा, पाणी खालच्या खडकात जिरून जातं पण थंड हवेला बाहेर पडायला दरीच नाही. रात्री आकाश मोकळं असलं की जमिनीवरची उष्णता वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होते, जड होते, आणि तळाशी साचत राहते. काठावरच्या सगळ्यात खालच्या खिंडीपर्यंत भरली की मगच थोडी बाहेर सांडते. म्हणून काठावर उभा माणूस आणि तळातला माणूस यांच्यात वीसेक अंशांचा फरक पडू शकतो, तेही चालत जाण्याच्या अंतरात. महाबळेश्वरला दर हिवाळ्यात वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठल्याची बातमी येते आणि बाजारपेठेत मात्र तेवढं गार नसतं, ते याच कारणाने, फक्त छोट्या प्रमाणात.

यातून काय निघतं? की वादळी, बर्फ पडत असलेला दिवस इथं जायला कुचकामी. वारा सुटला की वरची उबदार हवा खाली मिसळते आणि खळग्याचा सगळा खेळ मोडतो, ढग असले की उष्णता अडते. हवी ती रात्र म्हणजे वादळ नुकतंच सरलंय, ताजा बर्फ पडलाय, आकाश स्वच्छ आणि पान हलत नाही. फोनवरच्या साध्या वेदर अ‍ॅपवर अजिबात विसंबू नका, ते आजूबाजूच्या डोंगराचा अंदाज देतं, खळग्याचा नाही. युटा क्लायमेट सेंटरचं हवामान केंद्र खाली बसवलेलं आहे, त्याचे आकडे ऑनलाइन दिसतात, संध्याकाळी ते बघत बसायचं. सूर्य मावळायच्या सुमारास आकडा धाडकन खाली यायला लागला की समजायचं आज काम होणार.

आता माझं स्पष्ट मत. पहिल्यांदा जात असाल तर जानेवारीत जाऊच नका, सप्टेंबरच्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी जा. इथं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात पारा शून्य सेल्सिअसखाली जाऊ शकतो, त्यामुळे तेव्हाही मजा येते. शिवाय बर्फाखाली न दिसणारी एक भारी गोष्ट दिसते, ती म्हणजे उलटी झाडी. एरवी डोंगरावर वर जाल तशी झाडं संपतात, इथं खाली उतराल तशी संपतात. काठावर सूचिपर्णी झाडं, खाली नुसतं गवत आणि खुरटी झुडपं, कारण तळाच्या थंडीत रोपटं तग धरत नाही. दोन थर्मामीटर घ्या, एक काठावर ठेवा, एक घेऊन सावकाश उतरा, अंधार पडताना आकडे लिहीत जा. पोरांना सोबत न्यायला तर फारच छान.

रस्ता असा की सॉल्ट लेक सिटीहून लोगन दीड तासाच्या आसपास, तिथून यूएस-89 हायवेने लोगन कॅन्यनमधून बेअर लेक समिटकडे चढायचं. खळगा हायवेपासून काही किलोमीटर आत आहे. उन्हाळ्यात फॉरेस्टचा कच्चा रस्ता असतो, हिवाळ्यात तो बर्फाखाली, म्हणजे स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळवे), स्की नाहीतर स्नोमोबाइल. कॅन्यनमध्ये मोबाइलच्या सिग्नलचा भरवसा धरू नका, मॅप आधीच डाउनलोड करा, आणि किती वाजता परतणार ते खाली कुणाला तरी सांगून ठेवा. निघण्याआधी युटा अ‍ॅव्हलांच सेंटरचा लोगन भागातल्या हिमस्खलनाचा अंदाज वाचा, खळग्याचा उतार सौम्य असला तरी आजूबाजूचे सगळे तसे नाहीत.

हिवाळ्यात जायचंच ठरलं तर एकट्याने नाही, हे पहिलं. गाडी वर रस्त्यालगत लावायची, तिथं खळग्यापेक्षा बरंच उबदार असतं त्यामुळे ती परत चालू व्हायची शक्यताही जास्त. टाकी भरलेली हवी, बॅटरी जुनी असेल तर आधी बदला, डिझेल गाडी शक्यतो नकोच, डिझेल अशा थंडीत घट्ट होतं. इंजिन चालू ठेवून आत बसणार असाल तर सायलेन्सर बर्फात बुजलेला नाही ना ते बघा, नाहीतर धूर आत येतो आणि तो जीवघेणा असतो.

कपड्यांत लोक जाडीच्या मागे लागतात, पण खरा शत्रू घाम. कॉटनची बनियन, जीन्स घरी ठेवा, ओली झाली की अंगावरच गार पडते. अंगाला लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, मधे फ्लीस, वर डाउन म्हणजे पिसं भरलेलं जॅकेट, आणि चालताना जॅकेट काढून बॅगेत, थांबलं की लगेच अंगावर. बुटात दोन-दोन जाड मोजे कोंबू नका, घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी जातात. हाताला पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा मिटन्स (चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा) बरे, आत एक पातळ ग्लोव्ह असू द्या म्हणजे फोटो काढताना हात पूर्ण उघडा पडणार नाही. आणि हे कुणी सांगत नाही, कानातले, अंगठ्या, बांगड्या सगळं काढून ठेवा, धातू कातडीला चिकटतो. एकमेकांचे गाल, नाक बघत राहा. इंग्रजी गाइडमध्ये "त्वचा लाल मग पांढरी" वगैरे लिहिलेलं असतं, आपल्या सावळ्या कातडीवर ते राखाडी, फिकट, मेणासारखं दिसतं. असा डाग दिसला आणि तिथं बधिर वाटलं तर चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, उबदार हात नुसता ठेवायचा आणि तडक वर निघायचं.

साधा पाऱ्याचा थर्मामीटर नेऊ नका, पारा उणे 39 सेल्सिअसच्या आसपास गोठतो. अल्कोहोलचा किंवा उणे 60 पर्यंत चालणारा प्रोबवाला, म्हणजे वायरच्या टोकाला सेन्सर असलेला घ्या. फोन छातीशी, आतल्या खिशात. कॅमेरा गाडीत आणण्याआधी झिपलॉक पिशवीत बंद करा, नाहीतर उबेत आल्यावर आत पाणी धरतं. खायला चिवडा, शंकरपाळे, सुकामेवा. केळं, सँडविच गोठून दगड होतात, चिक्की आधीच कडक ती आणखी दातांची परीक्षा घेते. उकळतं पाणी हवेत फेकायचा व्हिडिओ करायचाच असेल तर आपल्यापासून लांब फेका, डोक्यावर नको, भाजलेल्या लोकांची संख्या कमी नाही.

तळाशी गेलात की दहा-पंधरा मिनिटं पुरे. परतीची वाट चढाची आणि अंधारातली आहे, तेवढी ताकद शिल्लक ठेवा. हवामान केंद्राच्या जवळ घुटमळू नका, उपकरणाला हात लावून सेल्फी तर नकोच.

उन्हाळ्यात गेलात तर पलीकडे उतरून गार्डन सिटीत रास्पबेरी शेक प्या, बेअर लेकची तीच खासियत. हिवाळ्यात तिथली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा लोगनमध्येच जेवून निघा आणि थर्मासही तिथेच भरून घ्या.