ऐन थंडीत, जुन्या बाटल्यांत, उघड्यावर बी पेरणे

बर्फ किंवा हिमतुषार पडणाऱ्या प्रदेशात हिवाळ्यात रोपे करायची म्हटली की लोक खिडकीशी ट्रे मांडतात. वर दिवे लावतात, रोज पाणी फवारतात, आणि तरी बरेचदा हाती येतात ती लांबुडकी, एका बाजूला झुकलेली रोपे. याहून सोपा मार्ग आहे. कचऱ्यात जाणाऱ्या बाटलीत बी पेरा आणि बाटली सरळ अंगणात ठेवा, गोठणाऱ्या थंडीत.

ऐकायला विचित्र वाटते, पण थंड हवामानातल्या कितीतरी झाडांचे बी शरद ऋतूत जमिनीवर पडते आणि वसंतात उगवते. पडल्या पडल्या उगवले असते तर कोवळी रोपे पहिल्याच कडाक्यात मेली असती. म्हणून हे बी सुप्तावस्थेत राहते. ही झोप मोडायला त्याला काही आठवडे ओलावा आणि साधारण 1 ते 5 अंश सेल्सिअसची थंडी लागते. थंडीचे काम हवामान करतेच. बाटलीकडे उरते एवढेच: बी वाहून जाऊ द्यायचे नाही, पाखरांपासून राखायचे आणि माती सुकू द्यायची नाही.

भांडे कोणते घ्यावे? उजेड आत येईल असे, आणि 8 ते 10 सेंटिमीटर माती मावून वर तितकीच मोकळी जागा राहील असे. दुधाचा 4 लिटरचा अर्धपारदर्शक कॅन उत्तम. शीतपेयाची 2 लिटरची बाटली, केक किंवा सॅलडचा उंच झाकणाचा डबाही चालतो. दह्याचा अपारदर्शक डबा वापरायचाच असेल, तर त्यावर झाकणाऐवजी भोके पाडलेली पारदर्शक पिशवी ताणून बांधा. फिनेल, ब्लीच, कीटकनाशक यांच्या बाटल्यांना हातही लावू नका, कितीही धुतल्या तरी.

भांडे साबणाने धुवा. तळापासून सुमारे 10 सेंटिमीटरवर आडवा काप घ्या, पण मुठीच्या बाजूचे तीन-चार सेंटिमीटर तसेच सोडा, म्हणजे वरचा भाग बिजागरीवर उघडावा तसा उघडेल. मग तळाला आठ-दहा भोके पाडा. तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने ती झटकन पडतात, मात्र प्लास्टिकचा धूर होतो म्हणून हे काम घराबाहेर करा. सपाट तळ जमिनीला चिकटून बसतो आणि भोके बुजतात, तेव्हा कडेला अगदी खाली आणखी दोन-तीन भोके असू द्या. इथे कंजूषी नको. पाणी साचले की बी कुजते, आणि बी वाया जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. बाटलीचे बूच लावायचे नाही. हवा, पाऊस, बर्फाचे पाणी, सगळे त्याच तोंडातून आत येणार आहे.

बागेतली माती भरू नका. ती डब्यात घट्ट बसते, शिवाय तिच्यात तणांचे बी असते, आणि उगवलेल्या दोन पानांवरून तण कोणते नि आपले रोप कोणते हे ओळखणे अवघड. भुसभुशीत पॉटिंग मिक्स (कुंड्यांसाठी मिळणारे हलके तयार मिश्रण) आधी पूर्ण भिजवून, पाणी निथळू देऊन मग पेरा. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली पुरे. पॉपी, लेट्युस, अँटिरिनम यांचे बारीक बी वरच पसरून बोटाने हलके दाबायचे; त्यांना उगवायला उजेड लागतो.

आता नाव लिहा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. जुन्या डब्याची पट्टी कापून तिच्यावर पेन्सिलीने लिहा, ती मातीत खोचा, आणि बाहेरून तळाशीही एक खूण करा. त्यानंतर काप रुंद चिकटपट्टीने बंद करा.

भांडी उघड्यावर ठेवायची, छपराखाली नाही. वाऱ्याने उलटणार नाहीत अशा बेताने एकमेकांना टेकवून किंवा खोक्यात मांडा. भिंतीला लागून तापणारा कोपरा टाळा, तिथे बी अवेळी फुटते. वर बर्फ साचला तर साचू द्या. माती दगडासारखी गोठली तरी काळजीचे कारण नाही.

केव्हा पेरायचे हे बियावर ठरते. एकिनेशिया, लुपिन, डेल्फिनियम अशी थंडी मागणारी बहुवर्षायू फुलझाडे सर्वांत लहान दिवस उलटला की पेरावीत, म्हणजे उत्तर गोलार्धात डिसेंबरअखेर आणि दक्षिणेत जूनअखेर. पालक, केल, कोबी, ब्रोकोली, लेट्युस, कॅलेंडुला यांना थोडा उशीर चालतो. टोमॅटो, झेंडू, झिनिया ही उबेची झाडे. त्यांची घाई केलीत तर उगवलेली रोपे हिमतुषार मारून टाकेल. ती शेवटच्या हिमतुषाराच्या चार-सहा आठवडे आधी पेरली तर ठीक.

जिथे हिवाळा गोठवण्याइतका कडक नसतो, तिथे थंडी मागणारे बी ओलसर कागदात गुंडाळून चार ते सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग पेरावे.

खरी राखण वसंतात. थंडीपेक्षा स्वच्छ उन्हाचा एखादा दिवस जास्त घातक ठरतो, कारण बंद बाटलीत उष्णता कोंडते आणि माती तासांत सुकते. आतून वाफेचे थेंब दिसले तर ओल आहे. थेंब नाहीत आणि भांडे हलके लागते, तर ते पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी पिऊ द्या. कोंब दिसू लागले की दिवसा झाकण उघडे, रात्री बंद. अचानक कडाका पडणार असेल तर वर जुनी चादर टाका.

रोपांना खरी पाने, म्हणजे उगवतानाच्या पहिल्या दोन पानांनंतरची पाने, फुटली की रोपे जागेवर लावा. वारा, ऊन, गारठा सोसूनच ती वाढलेली असतात, त्यामुळे घरातल्या रोपांसारखी आठवडाभर हळूहळू बाहेरची सवय लावावी लागत नाही. दाट उगवली असतील तर एकेक सोडवत बसू नका; मातीसकट चौकोनी ढेकूळ कापून तसेच लावा, विरळणी नंतर करता येते. रिकामी झालेली भांडी धुऊन सावलीत ठेवलीत तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वापरता येतील. उन्हाने ठिसूळ झालेली मात्र तुकडे पडायच्या आत पुनर्वापराच्या कचऱ्यात द्या.