बोस्नियात कोण कुणाच्या बाजूने? उत्तर लिहिताना या चुका टाळा

बोस्नियाच्या युद्धावर (१९९२ ते ९५) प्रश्न आला की बहुतेक वह्यांतली पहिली तीन वाक्यं ठरलेली असतात. रशिया सर्बांचा, कारण दोघे ऑर्थोडॉक्स. मुस्लिम देश बोस्नियाकांचे, म्हणजे बोस्नियातल्या मुस्लिमांचे, कारण धर्म एक. आणि अमेरिका आली तेलासाठी. तिसऱ्या वाक्यावर मी नुसती रेघ मारतो. पहिली दोन जास्त त्रासदायक, कारण ती थोडीफार खरी आहेत.

रशियापासून सुरुवात करू. ३० मे १९९२ रोजी सुरक्षा परिषदेत बेलग्रेडवर, म्हणजे सर्बियाच्या बाजूच्या सरकारवर, आर्थिक निर्बंध लादणारा ठराव ७५७ आला. रशियाने नकाराधिकार वापरला असेल असं तुम्हाला वाटतं ना? रशियाने बाजूने मत दिलं. तटस्थ राहिले ते चीन आणि झिम्बाब्वे. (भारतही तेव्हा परिषदेवर होता, त्याचंही मत ठरावाच्या बाजूने पडलं.) रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना तेव्हा पाश्चात्त्य कर्ज हवं होतं. डिसेंबर १९९३च्या निवडणुकीत मॉस्कोत राष्ट्रवाद्यांचं बळ वाढलं आणि सूर बदलला. फेब्रुवारी १९९४मध्ये नाटोने सर्बांना, त्यांनी वेढलेल्या बोस्नियाच्या राजधानीभोवतीच्या, म्हणजे सारायेव्होभोवतीच्या, तोफा हटवायची मुदत दिली, तेव्हा रशियन सैनिक तिथे हजर झाले. त्यात सर्बांचा कळवळा होताच, पण ‘आम्हाला विचारल्याशिवाय युरोपात काही ठरणार नाही’ हे दाखवणं जास्त होतं. आणि ‘शतकानुशतकांची मैत्री’ असं लिहिण्याआधी १९४८ आठवा: स्टालिन आणि युगोस्लाव्हियाचा नेता टिटो यांचं तेव्हाच फाटलं, आणि सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया हे त्याच युगोस्लाव्हियाचे भाग.

धर्माचं गणित दुसऱ्या बाजूलाही चुकतं. इराणने बोस्नियाकांना शस्त्रं दिली हे खरं. ती आली कुठून? कॅथलिक क्रोएशियातून, आणि क्रोएशियाने त्यातला आपला वाटा काढून घेतला. १९९४मध्ये क्लिंटन प्रशासनाने याकडे जाणूनबुजून काणाडोळा केला. म्हणजे तेहरान आणि वॉशिंग्टन एकाच रांगेत! वर्षभर आधी तर क्रोएट आणि बोस्नियाक एकमेकांशीच लढत होते. बोस्नियातल्या मोस्तार शहराचा जुना पूल ९ नोव्हेंबर १९९३ला क्रोएट तोफांनी पाडला. मार्च १९९४च्या वॉशिंग्टन करारानंतर त्यांचं पुन्हा जुळलं. तारीख न घालता ‘क्रोएट कुणाच्या बाजूने’ असं वाक्य लिहिलंत की ते हमखास चुकतं.

आता सगळ्यात मोठी चूक. ब्रिटन, फ्रान्स आणि संयुक्त राष्ट्रं ‘तटस्थ राहिली’ असं लिहून पुढच्या मुद्द्याकडे जाणं. इथे थांबा.

२५ सप्टेंबर १९९१च्या ठराव ७१३ने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. बोस्निया तेव्हा वेगळा देशही नव्हता, आणि या बंदीला खुद्द बेलग्रेडची संमती होती. मे १९९२मध्ये युगोस्लाव्ह सेना बोस्नियातून अधिकृतपणे निघाली, पण तोफा, रणगाडे आणि हजारो सैनिक बोस्नियातल्या सर्बांचा सेनापती म्लादिच याच्या हाती देऊन. बंदी सर्ब आणि सारायेव्होचं सरकार, दोघांना सारखीच. फक्त एकाचं कोठार भरलेलं आणि दुसऱ्याचं रिकामं.

हेच जवळून बघायचं तर सारायेव्होचा विमानतळ घ्या. जून १९९२पासून तो संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. वेढ्यातून बाहेर पडायला धावपट्टी ओलांडायची, पलीकडे बोस्नियाकांच्या ताब्यातलं बुतमीर. पण सर्बांशी झालेल्या समझोत्यानुसार ओलांडणाऱ्यांना अडवणं हे शांतिसैनिकांचं काम. रात्री प्रखर दिवे लागायचे, माणसं परत पाठवली जायची, आणि त्याच उजेडात नेमबाजांना ती दिसायची. शेवटी लोकांनी धावपट्टीखालून बोगदा खणला. लांबी सुमारे ८०० मीटर, उंची इतकी कमी की उंच माणसाने वाकूनच चालायचं. १९९३च्या उन्हाळ्यापासून पीठ, औषधं, काडतुसं, जखमी, सगळं त्यातूनच. कुणाचीही बाजू न घेण्याच्या नियमाखालून काढलेली ती वाट.

मग ब्रिटन-फ्रान्स सर्बधार्जिणे होते का? तसं सरळ लिहू नका, तीही चूकच. अमेरिका म्हणत होती, शस्त्रबंदी उठवा आणि सर्बांवर हवाई हल्ले करा. लंडन-पॅरिस नको म्हणत होते, कारण जमिनीवर सैनिक होते त्यांचे, अमेरिकेचे नव्हते. भीती पोकळ नव्हती. मे १९९५मध्ये नाटोने बॉम्ब टाकले, तर सर्बांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरून काहींना खांबांना बांधून ठेवलं. जुलैत बोस्नियाकांचं स्रेब्रेनित्सा हे शहर सर्बांच्या हाती पडलं, आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले, शांतिसेनेची डच तुकडी बघत राहिली. ऑगस्टअखेर ब्रिटिश सैनिक बोस्नियातल्या गोराझदे शहरातून बाहेर पडले आणि लगेच, ३० ऑगस्टला, नाटोची मोठी मोहीम सुरू झाली. म्हणून कुठल्याही देशाची भूमिका समजत नसेल, तर आधी त्या महिन्यात त्याचे सैनिक कुठे होते ते तपासा. धर्माचा कप्पा नंतर उघडा.

बाकीच्या चुका किरकोळ, पण गुण जातात. १९९९ची बेलग्रेडवरची बॉम्बफेक कोसोव्होसाठी होती, बोस्नियासाठी नव्हे. सर्बियन म्हणजे सर्बिया देशाचा, सर्ब म्हणजे समाजाचा. बोस्नियातले सर्ब सर्बियन नव्हेत. तसंच बोस्नियन कुणीही असू शकतो, बोस्नियाक फक्त तिथला मुस्लिम. आणि शांतिसेनेचे पहिले प्रमुख मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, हे आपल्याकडच्या वह्यांत मला अजून दिसायचंय. त्यांची सेना नेमली होती क्रोएशियासाठी. मुख्यालय मात्र सारायेव्होत ठेवलं होतं, ती जागा शांत म्हणून.

‘प्रत्येक समाज एकजिनसी’ हे गृहीतही काढून टाका. सारायेव्होच्या बचावातले एक जनरल योव्हान दिव्याक, जन्माने सर्ब. तिकडे बिहाचजवळ फिक्रेत अब्दिच हा बोस्नियाक नेता सर्बांशी हातमिळवणी करून सारायेव्होच्या सरकारशी लढत होता.